इंजिन वाढवलं

आमच्याकडे हल्ली संध्याकाळची लाईट जाते. रोज जाते, ठरल्या वेळी जाते, तरी दर वेळी घरात नव्यानं गोंधळ होतो. नातवंडं कालवा करतात, सूनबाई मेणबत्ती कुठे ठेवली ते आठवत उभ्या राहतात, आणि मुलगा 'घ्या, झाली बंद' म्हणून खात्याच्या नावानं बोटं मोडतो. मी खुर्चीतून हलत नाही. उभा जन्म दुसऱ्यांच्या घरी उजेड पोचवण्यात गेला. आता अंधार पडला की खरं सांगायचं तर बरं वाटतं. अंधारात कुणी आपल्याकडे काही मागत नाही. फक्त मुलाच्या तोंडून तो 'बंद' निघाला की मला उठून चूळ भरून यावंसं वाटतं. बोलला तो, आणि चूळ मी भरायची. म्हातारचळ म्हणा हवं तर. पण हा चळ मला एका मिस्त्रीनं तरुणपणीच लावून दिला आहे.

महाराष्ट्र नुकता झाला होता आणि माझी नोकरीही नुकतीच लागली होती. मी पुण्याकडचा. नेमणूक झाली ती एकदम बुलढाणा जिल्ह्यात, मलकापूरहून जळगाव जामोदकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बाजारगावात. तिथे खात्याचं छोटं पावरहाऊस होतं. पत्र्याची शेड, आत एक धिप्पाड डिझेल इंजिन, त्याला जोडलेलं जनित्र, भिंतीशी उंच ओट्यावर, कठड्याआड माझा स्विचबोर्ड, बाहेर तेलाची पिंपं आणि इंजिनाचं पाणी निववायचा हौद. एके काळी सगळं गाव या एका इंजिनावर उजळायचं. मी गेलो तोवर मोठी लाईन आली होती, लांबून, पूर्णा नदी ओलांडून. दिवसभर ती पुरायची. पण दिवेलागणीला गावोगाव बल्ब पेटले की आमच्यापर्यंत येता येता ती दमून जायची आणि आमचे बल्ब नुसते लाल दिसायचे. म्हणून संध्याकाळपुरतं आमचं इंजिन लावायचं, लाईनीला हात द्यायचा, आणि गाव जेवून अंथरुणावर पडलं की थांबवायचं. बाकी दिवसभर पुसापुशी. नोकरी म्हणाल तर सोपी होती. कंटाळा मात्र भरपूर.

या इंजिनाचे मिस्त्री ते. माझ्या वडिलांच्या वयाचे, ठेंगणे, रुंद, खाकी अर्धी चड्डी, आणि डोक्यावर एके काळी पांढरी असलेली टोपी. मला ते 'बाबू' म्हणत. पहिल्याच संध्याकाळी इंजिन थांबल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बंद झालं का इंजिन?" मिस्त्रींनी हात पुसले, माझ्याजवळ आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाबू, त्या हौदाचा नळ दिसून राह्यला का तुमाले? चूळ भरून या."

मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा चालली आहे. मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या हाताखाली सुखदेव नावाचा ऑइलमन होता, चाळिशीचा, मिशाळ, मोजकं बोलणारा. तो कानाशी येऊन म्हणाला, "जा बाबूजी. आमी बी जातो." मी गेलो. पाणी कोमट होतं आणि त्याला लोखंडाची चव होती.

नियम असा होता की पावरहाऊसच्या आवारात 'बंद' हा शब्द काढायचा नाही. दुकानदार संध्याकाळी दुकान वाढवतो, बायका बांगडी वाढवतात, देवापुढं नारळ वाढवतात. मग इंजिनानंच काय घोडं मारलंय? इंजिन 'वाढवायचं'. वेग जास्त करायचा असेल तर 'चढव', कमी करायचा असेल तर 'उतरव', आणि थांबवायचं असेल तर 'वाढव'. मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला दुसरी भाषाच ठाऊक नव्हती. सुखदेव तर सगळं काम त्यांच्याकडेच शिकलेला. शब्द चुकला की चूळ. पोस्टमन चूळ भरून गेलेला मी पाहिला आहे. एकदा गावात हरताळ होता, तर मिस्त्री सकाळी येऊन म्हणाले, "आज गाव वाढलं हाये बाबू. चहा नाई भेटत."

ह्या वेडाचं मूळ त्यांनी एकदाच सांगितलं, तेही तेलाची पिंपं उतरवता उतरवता. आधी ते मलकापूरला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात इंजिनावर होते. रोज संध्याकाळी मालक यायचा आणि म्हणायचा, वाढवा आता. एके दिवशी तो आला आणि म्हणाला, बंद करा. तेवढाच फरक. इंजिन थांबलं, आणि जिन पुन्हा म्हणून चाललं नाही. भावाभावांचं भांडण होतं म्हणे. मिस्त्रींना भांडणाशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी शब्द धरून ठेवला.

पण हे वेड परवडलं. खरं वेड दुसरं होतं. विजेच्या खात्यात नोकरी करणारा हा माणूस लोकांना वीज वापरू देत नसे.

स्वतःच्या घरी त्यांनी लाईट घेतलीच नव्हती. कंदील लावत. का, तर "इंजिनाले तेवढंच कमी." आणि हाच न्याय ते सगळ्या गावाला लावू बघत. मी आल्यावर साहेबलोकांच्या कागदांत 'पीक लोड' हा शब्द वरचेवर येई. दिवसातला सगळ्यात जास्त भार, असा त्याचा अर्थ मी त्यांना समजावला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि सोडून दिला. पीक म्हणजे पीक. ज्वारीचं असतं, पऱ्हाटीचं असतं, तसं हे विजेचं. रान वर्षातून एकदा पिकतं, आपलं रोज संध्याकाळी पिकतं, आणि घटकाभरात काढून घ्यावं लागतं, एवढंच. मग त्यांनी शेतकऱ्याच्या हिशेबानंच वागायला सुरुवात केली. सगळं पीक एकदम कापणीला आलं तर माणसं कुठून आणायची? म्हणून ते पुढं-मागं पेरायचं.

म्हणजे काय करायचं? तर सकाळी बाजारातून फेरी मारायची. पिठाच्या गिरणीवाल्याला सांगायचं, संध्याकाळी दळण घेऊ नको, दुपारी घे. सिनेमावाल्याला सांगायचं, खेळ अर्धा तास उशिरा लाव, लोकांना घरचे दिवे तरी मालवू दे. वकिलांना सांगायचं, पक्षकार उजेडी बोलवा. लग्नाच्या दिवसांत तर मिस्त्री प्रत्येक मांडवात आगंतुक. जेवायचे नाहीत, अक्षता टाकायचे नाहीत, मांडवात लावलेल्या माळा बघून नुसते उसासे टाकायचे. एका वरबापानं वैतागून विचारलं होतं की मिस्त्री, लावायचीच नाही तर आम्ही लाईट घेतली कशाला? त्यावर मिस्त्री म्हणाले, "घरात तलवार असते. रोज काढते काय कोनी?"

गाव त्यांचं ऐकायचं, यात त्यांच्या शहाणपणाचा भाग थोडा आणि गरम पाण्याचा जास्त. इंजिन चाललं की हौदातलं पाणी तापायचं. थंडीच्या दिवसांत आसपासचे म्हातारे बादल्या घेऊन येत. इंजिनाच्या पाण्यानं अंघोळ केली की सांधे धरत नाहीत, अशी त्या गावची ठाम समजूत होती. मिस्त्री कुणाला नाही म्हणत नसत. अट एकच: म्हातारा इथे अंघोळ करीत असेल तोवर त्याच्या घरी दिवा लागता कामा नये. म्हातारे ही अट घरी जाऊन सुनांना सांगत आणि सुना अंधारात भाकऱ्या थापत. त्या सुनांनी मिस्त्रींना काय काय म्हटलं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. आता घरात सून आहे, आता कळतं.

माझ्या बोर्डावरच्या काट्याकडे ते तासन् तास बघत बसत. काटा हलला की त्यामागे कोण आहे हे त्यांना कळतं, अशी त्यांची खात्री होती. "वकिलाच्या घरी पाव्हने आले," काटा जरा चढला की ते म्हणायचे. जरा पडला की, "मास्तरची बायको माहेरी गेली वाटते." हे सगळं चूक असायचं. एकदा काट्याच्या भरवशावर ते सकाळीच वकिलांशी भांडायला गेले, की काल एवढे दिवे कशाला जाळले, सोयरीक होती काय? वकील सहकुटुंब बुलढाण्याला गेलेले. घराला कुलूप होतं. शेजाऱ्यानं तसं सांगितलंही. मिस्त्री परत आले आणि काट्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं, धडा मिळाला. मग म्हणाले, "जाताना दिवे लावून गेले असन. वकीलच ते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिकडे बैलांची खांदशेकणी असते. हळद-लोणी लावून खांदे चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. मिस्त्री त्या दिवशी इंजिनाच्या बेअरिंगला हळद-लोणी चोळत आणि टोपी काढून म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळी इंजिनासमोर ठेवली जाई आणि आम्ही तिघं ती खात असू. मला हसू यायचं, आणि पोळीही आवडायची.

नंतर खूप वर्षांनी, माझ्या बऱ्याच बदल्या होऊन गेल्यावर, लोणार तालुक्यात एका कामावर गेलो होतो. मिस्त्री सुलतानपूरला लेकीकडे राहतात असं कळलं, म्हणून वाट वाकडी केली. खेड्यात लाईट आलेली, घरासमोरच खांब, जावयानं आत पंखासुद्धा लावलेला. मिस्त्री बाहेरच्या ओसरीत, शेजारी दिवसाउजेडीच लावलेला कंदील. दृष्टी गेली होती बरीचशी. मी हाक मारल्यावर त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि पहिलं काय विचारलं, तर तिकडे संध्याकाळी आता लाईन पुरते का. मी म्हटलं, कधी पुरते, कधी नाही. ते म्हणाले, "कशी पुरन? गंज लोक लावते. येकानं तरी कमी लावाव." निघताना बाहेर उजेड अजून होता, कंदिलाचं काम नव्हतं. त्यांनी आत लेकीला हाक मारून सांगितलं, "कंदील वाढव वो बाई, बाबू चालले."

मी पायरीवर थबकलो. इतक्या वर्षांनी तो शब्द पुन्हा कानावर आला होता, आणि त्यांच्याच तोंडून. वाटलं होतं, हा शब्द त्यांनी आमच्या पावरहाऊसच्या दारातच टाकला. कंदिलासाठी त्यांनी तो ठेवला होता तर.

आता ते सांगायलाच हवं.

मिस्त्रींना आयुष्यात एकच भीती होती. मोठी लाईन कधीतरी पुरायला लागेल आणि खातं म्हणेल, हे इंजिन आता कशाला. त्यांचं घरात फारसं कुणी उरलं नव्हतं. बायको गेलेली, लेक सासरी. संध्याकाळी इंजिन लावायचं आणि गाव जेवलं की वाढवायचं, या दोन गोष्टींच्या मध्ये त्यांचा दिवस टांगलेला होता. ही भीती ते बोलून दाखवत नसत. मोठ्या लाईनीचं काम करणारी माणसं खांबावर चढलेली दिसली की मात्र रस्ता बदलत.

आणि एके दिवशी वरून पत्र आलंच. मजकूर सरळ होता. तुमच्या गावचा संध्याकाळचा भार गेली काही वर्षं वाढत नाही, आसपासच्या गावांचा वाढतो आहे. तेव्हा तुमच्याकडे इंजिन ठेवायची गरज आहे का, ते पाहायला साहेब येतील. एक संध्याकाळ पाहतील. भार खरोखर असला आणि इंजिनानं तो पेलला तर इंजिन राहील. नाहीतर ते उचलून दुसरीकडे नेऊ.

मी पत्र वाचून दाखवलं. मिस्त्री म्हणाले, भार कसा चढेल, मी चढू देतो का? हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. मग मीच त्यांना समजावलं की मिस्त्री, घोळ तिथंच आहे. तुम्ही गावाला आवरून धरलंत, म्हणून वरच्यांना वाटतं की इथं पीकच येत नाही. पीक येत नाही तिथं बैल कशाला ठेवतील?

ते ऐकून मिस्त्री हौदाच्या कठड्यावर बसले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. इंजिनाला त्रास नको म्हणून त्यांनी जे जे केलं, ते सगळं इंजिनाच्याच मुळावर आलं होतं. मला त्यांची फार दया आली, आणि थोडा रागही. एवढं साधं आपल्याला कळू नये? पण साधं असतं तेच कळत नाही, हे पुढं मलाही कळलंच.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मिस्त्री नेहमीसारखे बाजारात गेले. मी मुद्दाम मागोमाग गेलो. गिरणीवाल्यासमोर ते उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी चाचपत राहिले. जन्मभर जे मना केलं तेच मागायचं होतं. शेवटी टोपी काढून म्हणाले, "आज सांजी गिरनी चालवजो बापू. सगळे दिवे लावजो." गिरणीवाला घाबरला. त्याला वाटलं, मिस्त्रींना काही झालं. मग ते सिनेमावाल्याकडे गेले, वकिलांकडे गेले, ज्या वरबापाला तलवारीची गोष्ट सांगितली होती त्याच्या घरी गेले. आज लावा. माळा असतील तर माळा लावा. म्हाताऱ्यांना निरोप गेला, आज अंघोळीला अट नाही. गावानं कारण विचारलं आणि कारण कळल्यावर कुणी थट्टा केली नाही, हे त्या गावाबद्दल सांगून ठेवतो.

साहेब मुंबईकडचे होते. तरुण, चष्मेवाले, दौऱ्यानं शिणलेले, स्वभावानं सौम्य. त्यांनी माझ्याशेजारी स्विचबोर्डापाशी खुर्ची घेतली. खाली इंजिनावर मिस्त्री आणि सुखदेव. दिवेलागण झाली आणि काटा जो चढायला लागला, तो मी त्या बोर्डावर कधी पाहिला नव्हता इतका. मिस्त्री सुखदेवला 'चढव' म्हणत होते, सुखदेव चाक फिरवत होता, आणि इंजिन एका सुरात ओढत होतं. साहेबांनी मान डोलावली. खुशीतच होते. मला म्हणाले, तुमच्या गावात एवढा भार आहे आणि कागदावर का दिसत नाही? मी म्हटलं, आहे खरा.

तेव्हा मिस्त्रींनी एक गोष्ट केली, जी त्यांनी कधीच केली नव्हती. इंजिन चालू असताना ते त्याच्याजवळून दूर झाले आणि दारापर्यंत गेले. त्यांना गाव बघायचं होतं. इतकी वर्षं त्या गावाला त्यांनी उजेड दिला आणि तो पुरा कधी लावू दिला नाही. सगळे दिवे लागलेलं गाव त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. ते दारात पाठमोरे उभे होते, टोपी हातात. मी वरून बघत होतो. मला बरं वाटलं.

साहेब कठड्यावरून वाकले. इंजिनात अजून दम आहे, ते आणखी भार घेईल, असं त्यांना वाटलं आणि ते बरोबर होतं. आवाजावर आवाज चढवून त्यांनी खाली सुखदेवला सांगितलं, "छान. वाढवा आता."

सुखदेवनं वर पाहिलं. साहेबांचं बघून झालं, साहेब खूश आहेत, साहेब आपल्या भाषेत बोलले. त्यानं अदबीनं मान लववली आणि तेलाचा दांडा ओढला. "वाढवलं साह्यब," तो म्हणाला.

इंजिन थांबलं तसा सगळा भार मोठ्या लाईनीवर पडला आणि तिचाही स्विच पडला. गिरणी, सिनेमा, वकील, लग्नाच्या माळा, सगळं एकदम गेलं. गावातून एक मोठा आवाज आला, सगळ्या घरांतून मिळून आलेला. दारात मिस्त्री तसेच पाठमोरे उभे राहिलेले असणार. दिसत नव्हते.

अंधारात साहेब विचारत होते, बंद कुणी केलं? इंजिन बंद का केलं? मी वाढवा म्हटलं होतं, बंद का केलं? किती वेळा तो शब्द त्यांच्या तोंडून गेला कुणास ठाऊक. मी वाट बघत होतो की आता मिस्त्री साहेबांना नळ दाखवतील. सुखदेवही बघत असणार. आवारात तो शब्द निघाला आणि मिस्त्रींनी कुणाला नळावर पाठवलं नाही, असं पहिल्यांदा झालं.

मी कंदील लावला. सुखदेव दांडा धरून उभा होता. साहेबांनी त्याचं नाव विचारलं. तेवढ्यात मिस्त्री पुढं आले.

"त्याले नोका पुसू साह्यब," ते म्हणाले. "हात त्याचा हाये. शब्द माहा हाये."

मग मी सगळं समजावून सांगितलं. दुकान, बांगडी, नारळ. साहेबांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुन्हा लावा म्हणाले. पण इंजिन चालू करायला दाबलेली हवा लागते आणि हवेची टाकी एका वेळेपुरतीच भरलेली असे. ती हातानं पंप मारून भरायची. आम्ही तिघांनी आळीपाळीनं पंप मारला, साहेबांनीसुद्धा थोडा मारला. टाकी भरली, इंजिन लागलं, लाईनही आली. पण तोवर लोकांनी चिमण्यांच्या उजेडात जेवणं उरकली होती आणि बटणं वर करून अंथरुणं धरली होती. काटा जेमतेम हलला. पीक निघून गेलं होतं.

साहेब दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला जायचे होते. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं: भार आला तेव्हा इंजिन थांबलं, इंजिन लागलं तेव्हा भार नव्हता. यात खोटं काहीच नव्हतं. मी त्या माणसाला कधी दोष दिला नाही. मराठीत बोलला बिचारा.

हुकूम आला. इंजिन उचलून नेणार, मी दुसरीकडे, मिस्त्रींना घरी बसायची वेळ जवळ आलेलीच होती. सुखदेवला सबस्टेशनावर घेतलं. साहेब आले त्या दिवसापासून सुखदेवनं 'वाढव' शब्द तोंडातून काढला नव्हता. कुणी त्याला बोललं नव्हतं, मिस्त्री तर नाहीच. पण इंजिन थांबवायची वेळ झाली की तो नुसता मिस्त्रींकडे बघायचा आणि मिस्त्री नुसती मान हलवायचे. असे आमचे शेवटचे दिवस मुक्यानं गेले.

शेवटच्या संध्याकाळी माणसं जमली. गिरणीवाला आला, वकील आले. म्हातारे बादल्या घेऊन आले आणि अंघोळ न करता बादल्या भरून घेऊन उभे राहिले, घरी न्यायला. मिस्त्रींनी त्या दिवशी कुणाला दिवा लाव म्हटलं नाही की मालव म्हटलं नाही. इंजिन आपलं चालत होतं. हळूहळू काटा उतरला, गाव निजायला लागलं. सुखदेव दांड्याशी जाऊन उभा राहिला आणि सवयीनं मिस्त्रींकडे बघू लागला.

मिस्त्रींनी मान हलवली नाही. हात पुसले, चिंधी घडी करून ठेवली.

"बंद कर," ते म्हणाले.

सुखदेव हलला नाही. आपल्या ऐकण्यात पुन्हा चूक झाली असं त्याला वाटलं असावं. तो घाबरून म्हणाला, "काय म्हनलं मिस्त्री?"

"बंद कर म्हनलं. वाढव म्हनलं का उद्या लावा लागते."

सुखदेवनं दांडा ओढला. इंजिन दोनचार धापा टाकून थांबलं. कुणाच्या तरी बादलीची कडी वाजली, तेवढंच. सुखदेव तोंडाला फडकं लावून रडत होता आणि आम्हाला सगळ्यांना कुठं बघावं ते कळत नव्हतं.

मिस्त्री आमच्यामधून वाट काढत बाहेर गेले. हौदाच्या नळापाशी वाकले, टोपी काखेत धरली आणि चूळ भरली. थुंकले, आणि पुन्हा भरली. पाणी अजून कोमट होतं.